न्यूपोर्ट, डिक्समाउडे, ईपर : अडकलेलं युद्ध जमिनीवर कसं पाहावं

पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडी चार वर्षं जागची का हलली नाही, हे प्रत्यक्ष जमिनीवर पाहायचं असेल तर बेल्जियमचा पश्चिम कोपरा गाठावा. नेदरलँड्स, जर्मनी किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तो शनिवार-रविवारच्या टप्प्यात आहे. नेहमीचा बेत असा असतो : थेट ईपरला जायचं (इंग्रज सैनिकांचं यिप्र ते हेच), 'इन फ्लँडर्स फील्ड्स' संग्रहालय पाहायचं, रात्री आठला मेनिन गेट या स्मारक-कमानीखाली बिगूल ऐकायचा आणि परतायचं. हे सगळं करावंच. पण एवढंच केलं तर युद्धाचं दुःख कळतं आणि युद्ध अडकलं कसं ते कळायचं राहून जातं. ते समजून घ्यायला क्रम उलटा लावा. आधी न्यूपोर्टचे पाण्याचे दरवाजे, मग डिक्समाउडेचा खंदक, ईपर शेवटी.

थोडी पार्श्वभूमी. १९१४ च्या सप्टेंबरात मार्नच्या लढाईनंतर मागे हटलेलं जर्मन सैन्य एन नदीपलीकडच्या उंचवट्यावर थांबलं आणि खणायला लागलं. समोरून हल्ला जमेना, म्हणून दोन्ही बाजू एकमेकांच्या मोकळ्या बगलेला वळसा घालायला बघू लागल्या. प्रत्येक वळसा थोडा आणखी उत्तरेकडे सरकला, आणि ऑक्टोबरात समोर समुद्रच आला. खाली स्वित्झर्लंडची हद्द, वर समुद्र, मधे सुमारे ७०० किलोमीटरची सलग रेघ. आता वळसा घालायला बगलच उरली नव्हती. ही रेघ जिथे समुद्राला टेकली ते गाव न्यूपोर्ट.

न्यूपोर्टला राजा आल्बर्ट पहिला याच्या गोल स्मारकाखाली २०१४ साली 'वेस्टफ्रंट' हे केंद्र सुरू झालं. जमिनीखाली प्रदर्शन आहे. बाहेर आलं की समोरच, आयझर नदी आणि कालवे एकत्र येऊन समुद्राकडे जातात ती सहा फाट्यांची जागा दिसते. या तीन ठिकाणांत युद्धाचं यंत्र सगळ्यात स्वच्छ इथे उलगडतं, असं आमचं मत. कारण इथली गोष्ट पाण्याची आहे, आणि पाणी अजून तसंच वाहतंय.

आयझरच्या डाव्या काठची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली. ओहोटीला दरवाजे उघडून शेतातलं पाणी समुद्रात सोडायचं, भरतीला दरवाजे लावून समुद्र बाहेर ठेवायचा, हा तिथला शेकडो वर्षांचा व्यवहार. कोकण-गोव्यातल्या खाजणाचा बांध आणि त्यातली मानस (पाण्याचा दरवाजा) ज्यांनी पाहिली आहे त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको. ऑक्टोबर १९१४ च्या शेवटी बेल्जियन सैन्याने हाच व्यवहार उलटा केला. भरतीला दरवाजे उघडायचे, पाणी आत घ्यायचं, ओहोटी लागण्याआधी बंद करायचे. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात कामांचा क्रम चुकून चालणार नव्हता. सैन्य ज्या रेल्वेच्या भरावामागे दबा धरून होतं, त्या न्यूपोर्ट–डिक्समाउडे मार्गाच्या भरावात २२ मोऱ्या होत्या. त्या आधी बुजवल्या नसत्या तर समुद्र आपल्याच खंदकात शिरला असता. मोऱ्या बुजल्यावर दरवाजे. तेही पहिल्या फेरीत पुरले नाहीत. २६ ते २८ ऑक्टोबर हे भांगाचे दिवस, भरती मुळातच बुटकी, आणि पहिला प्रयत्न जुन्या कालव्याच्या वाटेने केला होता. पाणी आलं, पण संथ आणि थोडं. २९ च्या रात्री नोर्डवार्ट कालव्याचे दरवाजे उघडले, पुढच्या रात्रींतही उघडले. पौर्णिमा जवळ येत असल्याने भरती रोज चढत होती. नदी आणि भराव यांच्यामधला पट्टा हळूहळू भरला. ३० ऑक्टोबरला रामस्कापेल्लेजवळ जर्मन तुकड्या भराव ओलांडून आल्या होत्या. मागे पाणी चढतंय आणि पुढून बेल्जियन-फ्रेंच प्रतिहल्ला होतोय, अशा अवस्थेत त्या दुसऱ्या दिवशी मागे फिरल्या. दरवाज्यांची माहिती असणारा कालव्यांचा देखरेखकार कारेल कॉग आणि रात्री प्रत्यक्ष दरवाजे फिरवणारा नावाडी हेंड्रिक गेराट, ही दोन माणसं तिथल्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक. गेराटचा चेहरा पुढे बेल्जियमच्या १००० फ्रँकच्या नोटेवर आला.

हे पाणी चार वर्षं तसंच राखलं गेलं. याचा लष्करी अर्थ असा, की या पाण्याखालच्या पट्ट्यातून मोठा हल्ला करणं कोणालाच शक्य राहिलं नाही. छोट्या, थकलेल्या बेल्जियन सैन्याला आपला टापू धरून ठेवता आला. जर्मनांनी सगळा जोर दक्षिणेला, ईपरकडे वळवला.

वेस्टफ्रंटला दीड तास पुरतो. एक उणीव मात्र आहे : मुख्य पात्र असलेला तो रेल्वेचा भराव केंद्रातून दिसत नाही. त्यावर उपाय सोपा. जुन्या रेल्वेमार्गावर आता 'फ्रंटझाटे' नावाची सायकलवाट आहे, न्यूपोर्टहून डिक्समाउडेपर्यंत. सायकल भाड्याने घ्या आणि त्याच वाटेने दक्षिणेला निघा. डावीकडचं शिवार जवळजवळ सपाट, आणि आपण त्याच्यापेक्षा जेमतेम मीटर-दीड मीटर वर. संपूर्ण सैन्य एवढ्याशा उंचीवर तगलं, हे सायकलवर बसून जितकं कळतं तितकं नकाशावर कळत नाही. समुद्राकडून वारा आला तर पाठीवर घ्यायचा, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणंच बरं.

डिक्समाउडेच्या अलीकडे, आयझरच्या बांधाला चिकटून डोडेनगांग आहे, मृत्यूचा खंदक. गावापासून दीडएक किलोमीटर, नदीकाठाने चालत जाता येतं. आधी छोटं माहितीकेंद्र, मग खुद्द खंदक. घाई करू नका. आमच्या मते पूर्ण सहलीतलं हे सगळ्यात मोलाचं ठिकाण, फक्त काय पाहायचं ते आधी ठाऊक हवं.

पुरानंतरही जर्मनांनी नदीच्या डाव्या काठावर, पेट्रोलच्या टाक्यांपाशी एक ठाणं धरून ठेवलं होतं. ते उखडण्यासाठी १९१५ मध्ये बेल्जियन सैनिकांनी नदीच्या बांधातून त्या ठाण्याकडे खणत जायला सुरुवात केली. उघड्यावर येऊन खणता येत नाही, गोळी लागते. म्हणून खंदकाच्या टोकाशी आत राहूनच पुढची माती काढायची, मागे पोत्यांत भरायची, बाजूला रचायची आणि हातभर सरकायचं. जर्मनही समोरून तसेच खणत आले. शेवटी दोन्ही टोकं काही मीटरवर आली. इतक्या जवळ की तोफखान्याला मारा करणं अवघड, कारण गोळा थोडा अलीकडे पडला तर आपलीच माणसं मरायची. मग हातबॉम्ब, खंदकातल्या छोट्या तोफा आणि बांधाला खिंड पाडून मधे पाणी सोडणं, एवढंच उरलं. १९१७ मध्ये बेल्जियनांनी टोकाला काँक्रीटची चौकी बांधली. तिला उंदराचा सापळा म्हणत. शत्रू खंदकात घुसलाच तर त्याला आतल्या आत टिपता यावं, अशी तिची रचना. आधी ठाणं घेण्यासाठी खणलेला हा खंदक शेवटी ठाणं घेऊ न देण्यासाठी तटबंद झाला. कोंडी म्हणजे काय हे इतक्या कमी जागेत दुसरीकडे कुठे पाहायला मिळेल असं वाटत नाही.

आता काय पाहायचं ते. एक, वळणं. खंदक सरळ धावत नाही, दर काही मीटरला कोपरा काढतो. सरळ खंदकात एक गोळा पडला तर त्याचे तुकडे सगळ्या लांबीभर जातात, आणि शत्रू एका टोकाला शिरला तर मशीनगन लावून सगळा खंदक झाडून काढतो. कोपरा असला की नुकसान एका कप्प्यापुरतं राहतं. दोन, उंची. इथे मातीत खाली खणलं की दोन-तीन फुटांवर पाणी लागतं. म्हणून खंदक खोदण्यापेक्षा रचला आहे. दोन्ही बाजूंना पोत्यांच्या भिंती वर चढवल्या आहेत. तीन, पोती. पोती विटांच्या बांधकामासारखी, एक आडवी एक उभी, सांधे चुकवून रचायची. पोत्याचं बांधलेलं तोंड आणि शिवण आतल्या बाजूला ठेवायची, नाहीतर गोळ्यांनी शिवण उसवते आणि भिंत ओघळते. पोती पूर्ण ठासून भरायची नाहीत. थोडी ढिली ठेवली की फळीने ठोकून चपटी बसतात. अशी भिंत रायफलची गोळी अडवते. तोफेचा गोळा अडवत नाही, फक्त पुन्हा रचायला सोपी जाते. रोज रात्री तेच काम चालायचं.

इथे एक इशारा. आज दिसणारी पोती सिमेंटची आहेत. ताग काही महिन्यांत कुजतो, म्हणून युद्धानंतर जतन करताना ती काँक्रीटने भरली. जवळ जाऊन पाहिलं तर घड्या आणि फुगवटा पोत्याचाच, स्पर्श दगडाचा. त्यामुळे खंदक कोरडा, ताठ, नीटनेटका वाटतो. खरा तसा नव्हता. मनातल्या मनात भिंती फुगवा, तळाला घोटाभर पाणी आणा, वरचा फूटभर भाग रोज नवा रचलेला आहे असं धरा. पावसाच्या दिवशी गेलात तर हे काम थोडं सोपं होतं. बूट चिखलाचे घाला.

खंदकाची बांधणी आणखी बारकाईने पाहायची असेल तर ईपरजवळ झोनेबेकेच्या पासेन्डाल संग्रहालयाबाहेर जर्मन आणि ब्रिटिश पद्धतीचे खंदक पुन्हा उभारले आहेत. तिथे इंग्रजी ए अक्षराची लाकडी चौकट उलटी करून मातीत कशी बसवत ते समजतं. अक्षराच्या आडव्या दांडीवर फळ्यांची वाट, तिच्याखालच्या निमुळत्या जागेतून पाणी वाहतं, वरचे पाय दोन्ही भिंती सावरतात. एकाच लाकूडकामात तीन कामं. डोडेनगांगइतका खरेपणा तिथे नाही, पण समजावण्यात ते सरस आहे.

इथपर्यंत पाहून झालं की खंदकामुळे युद्ध अडकलं असं वाटू लागतं. ते पुरतं खरं नाही. खंदक घेता येत असे, पुन्हा पुन्हा घेतला गेला. अडचण त्याच्या पुढे होती, आणि ती समजायला सगळ्यात चांगलं उदाहरण सीमेपलीकडे फ्रान्समध्ये, न्यू-शापेलला आहे.

१० मार्च १९१५. ब्रिटिश आणि भारतीय तुकड्यांनी सुमारे दोन किलोमीटरच्या पट्ट्यावर हल्ला केला. सुमारे ३४० तोफांनी फक्त ३५ मिनिटं मारा केला. छोटा, पण दाट, आणि अनपेक्षित. पहिला खंदक आणि गाव काही तासांत हातात आलं. मग काय बिघडलं? उत्तर टोकाच्या एका भागावर मारा नीटसा झालाच नाही, कारण तिथल्या तोफा उशिरा पोचल्या होत्या. तिथल्या दोन मशीनगननी समोरच्या दोन ब्रिटिश पलटणी जवळजवळ संपवल्या. मधल्या भागात वाट मोकळी होती, पण पुढे जा हा हुकूम मिळेना. टेलिफोनच्या तारा गोळ्यांनी तुटलेल्या, खांद्यावर नेता येईल असा बिनतारी संच अस्तित्वात नव्हता, निरोप धावत नेणारा माणूस मरत होता. सेनापती काही मैल मागे, तासाभरापूर्वीच्या बातमीवर निर्णय घेतोय. पुढच्या हल्ल्याचा हुकूम प्रत्यक्ष अमलात येईपर्यंत संध्याकाळ झाली. रात्रीत जर्मन राखीव तुकड्या पोचल्या. १२ तारखेला त्यांनी प्रतिहल्ला केला, तो फसला, आणि दोन्ही बाजू होत्या तिथे पुन्हा खणायला लागल्या. साधारण एक किलोमीटर खोल जमीन मिळाली. ब्रिटिश-भारतीय बाजूची हानी ११ हजारांवर गेली, त्यातले ४ हजारांहून अधिक भारतीय सैन्यातले.

सगळी कोंडी या हिशेबात आहे. बचाव करणारा आपल्या फळीत पडलेल्या भोकाकडे रेल्वेने आणि शाबूत रस्त्याने येतो. हल्ला करणारा त्याच भोकातून पुढे जातो तो पायी, स्वतःच्याच गोळ्यांनी नांगरलेल्या जमिनीवरून, तोफा आणि रसद मागे सोडून. जितकं पुढे जाल तितका तुमचा वेग घटतो आणि समोरच्याचा वाढतो. या शर्यतीत १९१५ ते १९१७ भोक बुजवणारा जवळजवळ दर वेळी आधी पोचला. न्यू-शापेलवरून बहुतेक सेनापतींनी धडा घेतला तो आणखी तोफा, आणखी दिवस मारा. त्याने अनपेक्षितपणा गेला आणि जमीन अधिकच फुटली.

त्याचा शेवट पाहायला आता ईपर. संग्रहालय लाकेनहाल या कापडबाजाराच्या जुन्या इमारतीत आहे. युद्धात ती जमीनदोस्त झाली, पुन्हा बांधून पूर्ण व्हायला १९६७ साल उजाडलं. संग्रहालयाची मांडणी माणसांभोवती आहे : सैनिक, परिचारिका, गाव सोडून गेलेले लोक यांचे आवाज. हे काम ते मनापासून आणि उत्तम करतं. हवाई छायाचित्रांचा भाग चुकवू नका. एकाच शिवाराची युद्धाआधीची आणि नंतरची छायाचित्रं शेजारी ठेवली की ओढे कुठे गेले हे शोधावं लागतं. मात्र रेल्वे, रस्ते, दारूगोळ्याचा पुरवठा, निरोप पोचायला लागणारा वेळ या गोष्टी त्यात मागे राहतात. म्हणूनच हे शेवटी पाहा असं सांगतोय. न्यूपोर्ट आणि डिक्समाउडे पाहून आलेल्या माणसाला ही पोकळी स्वतः भरता येते.

घंटाघराच्या २३१ पायऱ्या चढा. तिकीट थोडं जास्त पडतं, गुडघे दुखत असतील तर विचार करा, पण उत्तर वरच आहे. ईपरच्या पूर्वेला कमानीसारखा एक उंचवटा दिसतो. टेकडी म्हणायलाही संकोच वाटावा इतका बसका, गावापेक्षा काही दशक मीटर उंच. जर्मन तिथे होते. त्यांना गावात येणारी प्रत्येक गाडी दिसत होती, आणि त्यांच्या मागच्या उतारावरच्या तोफा खालून दिसत नव्हत्या. शिवाय खालच्या चिकणमातीत पाणी मुरत नाही, शेतातल्या चरांतून आणि ओढ्यांतून ते वाहून जातं.

३१ जुलै १९१७ ला ब्रिटिशांनी हा उंचवटा घ्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या माऱ्यात ४० लाखांहून अधिक गोळे पडले. चर, ओढे, मोऱ्या सगळं फुटलं. मग ऑगस्टचा पाऊस. खड्ड्यात साचलेल्या पाण्यात जखमी बुडून मेले, तोफ चाकांच्या आसापर्यंत रुतली. जर्मनांनीही आता एका रेषेवर विसंबणं सोडलं होतं. पुढे विरळ माणसं, मागे काँक्रीटच्या चौक्या, आणि त्यामागे प्रतिहल्ल्यासाठी ठेवलेल्या ताज्या तुकड्या. हल्लेखोर दमून थांबला की त्या सुटायच्या. १० नोव्हेंबरपर्यंत उंचवट्यावरचं पासेन्डाल गाव हातात आलं. साधारण ८ किलोमीटर, १०० दिवसांत. मनोऱ्यावरून हे सगळं अंतर एका नजरेत मावतं.

आणि ही कोंडी सुटली कशी, हेही इथूनच सांगता येतं. २८ सप्टेंबर १९१८ ला बेल्जियन, ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने याच टापूत हल्ला केला. १९१७ मध्ये महिने लागलेली बरीचशी जमीन एक-दोन दिवसांत पार झाली. त्याच दिवशी बेल्जियन सैनिक डोडेनगांगमधून बाहेर पडून पुढे गेले. खंदक तेच होते. बदललं होतं ते मागचं : वसंतातल्या स्वतःच्या मोठ्या हल्ल्यांत जर्मनांच्या राखीव तुकड्या खर्ची पडल्या होत्या, आणि दोस्त सैन्य आघाडीच्या वेगवेगळ्या ठिकाणी लागोपाठ घाव घालत होतं, त्यामुळे भोक बुजवायला पाठवायचं कोणाला हाच प्रश्न होता. संग्रहालयात हा भाग थोडक्यात येतो. तो जास्त जागेचा हक्कदार आहे.

आघाडीच्या मागची बाजू पाहायची तर ईपरच्या पश्चिमेला १२ किलोमीटरवर पोपेरिंगे. सैनिकांच्या विश्रांतीचं टॉलबट हाउस तिथे आहे, आणि जवळच लाइसेन्टहुकची दफनभूमी. मोठ्या फील्ड हॉस्पिटलशेजारी वाढत गेलेल्या या दफनभूमीत दहा हजारांवर कबरी आहेत. रेल्वेने काय काय येत-जात होतं याची सगळ्यात स्पष्ट नोंद तीच.

प्रवासाचं. ब्रसेल्सहून डिक्समाउडेला गेंटमार्गे दे पाने गाडीने, ईपरला कोर्ट्राइकमार्गे. न्यूपोर्टला रेल्वे नाही, पण किनाऱ्याची ट्राम आहे. दे पानेला उतरून ती पकडा. दोन दिवस धरा : पहिला न्यूपोर्ट, सायकल, डोडेनगांग, दुसरा ईपर आणि झोनेबेके. हिवाळ्यात काही ठिकाणं बंद असतात किंवा लवकर मिटतात, निघण्यापूर्वी वेळा तपासा. संग्रहालयांत इंग्रजीत माहिती मिळते.

गाडी असेल तर तिसऱ्या दिवशी ईपरहून साधारण पाऊण तासावर न्यू-शापेल. १९२७ साली उघडलेलं भारतीय सैनिकांचं स्मारक तिथल्या चौकात आहे. हर्बर्ट बेकरने रचलेलं गोल आवार, कमळाचा शिरोभाग असलेला १५ मीटरचा स्तंभ, दोन वाघ, आणि ४७०० वर नावं. पुणेकरांनी एक गोष्ट शोधावी. २८ ऑक्टोबर १९१४ ला, म्हणजे न्यूपोर्टला दरवाज्यांची खटपट चालू होती त्याच दिवशी, या गावावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या चालून गेल्या. हे सॅपर्स खडकीचे, आजचे बॉम्बे सॅपर्स. खंदक खणणं, पूल बांधणं, सुरुंग लावणं हे ज्यांचं काम त्यांना पायदळ म्हणून घरोघरच्या लढाईत घातलं होतं. गावात ते शिरले, पण मदत पोचली नाही आणि मागे यावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले किंवा जखमी झाले. भिंतीवर नावं पलटणवार कोरली आहेत, सॅपर्सचा रकाना शोधायला फार वेळ लागत नाही.